गाऊन झाल्यावर घरी गेलेला माणूस

१९७१ च्या मे महिन्यात अमेरिकेत दोन अल्बम बाजारात आले. एक मार्विन गेचा, 'व्हॉट्स गोइंग ऑन'. गे तेव्हा बत्तीस वर्षांचा होता आणि दहा वर्षं मोटाऊन कंपनीचा लाडका तारा होता. दुसरा अल्बम होता 'जस्ट ॲज आय ॲम'. त्याच्या गायकाचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. वय मात्र तेच, बत्तीस. वेष्टनावरच्या छायाचित्रात हा गायक साध्या कपड्यांत उभा आहे आणि त्याच्या हातात जेवणाचा डबा आहे. छायाचित्र लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमध्ये, विमानांचं सामान बनवणाऱ्या वेबर एअरक्राफ्ट या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत काढलेलं होतं. डबा खराखुरा त्याचा होता आणि सुट्टी संपल्यावर त्याला पुन्हा कामावर जायचं होतं. बोइंग ७४७ विमानांमध्ये बसवायची स्वच्छतागृहं तो तिथे तयार करत असे.

त्याचं नाव बिल विदर्स. पुढची पानं त्याच्याविषयी आहेत.

विदर्सची कारकीर्द मोजायला सोपी आहे. १९७१ ते १९८५ या काळात स्टुडिओत केलेले आठ अल्बम आणि प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेला एक. त्यातही ज्यांच्यामुळे जग त्याला ओळखतं ती गाणी दोन हातांच्या बोटांवर मावतील. १९८५ नंतर त्याने नवा अल्बम केला नाही, दौरा काढला नाही. ३० मार्च २०२० रोजी लॉस एंजेलिसमध्ये तो वारला, तेव्हा तो ८१ वर्षांचा होता. म्हणजे गाण्याच्या धंद्यात तो पंधरा वर्षं होता आणि त्यातून बाहेर पस्तीस वर्षं. एवढा लोकप्रिय माणूस गाणं सोडून घरी कसा बसला, हा प्रश्न त्याला प्रत्येक मुलाखतीत विचारला जाई. अमेरिकी नियतकालिकांनी त्याच्याभोवती गूढाचं एक वलयही तयार केलं. मला त्यात गूढ दिसत नाही. त्याची गाणी आणि त्याचं सोडून जाणं, दोन्ही एकाच स्वभावातून आली, असं माझं मत आहे. या प्रस्तावनेत तेच मांडायचं आहे.

त्याआधी, तो ज्या परंपरेत गायला त्या सोल संगीताविषयी थोडं बोलायला हवं. जाझ आपल्याला अगदीच परका नाही. मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी तो आणून रुजवला. सोलची आपल्याकडे तशी वस्ती झाली नाही. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधलं भक्तिगीत, म्हणजे गॉस्पेल, आणि नाचाच्या हॉलमधलं रिदम अँड ब्लूज यांच्या मिलाफातून हे गाणं १९५० च्या दशकात घडलं. रे चार्ल्स, सॅम कुक, अरीथा फ्रँकलिन ही त्यातली थोर नावं. ईश्वराला मारायच्या हाकेतली आर्तता या मंडळींनी प्रेमाच्या आणि रोजच्या जगण्याच्या गाण्यात आणली. हे गायक बहुधा लहानपणीच चर्चमध्ये तयार होत आणि कोवळ्या वयात कंपन्यांच्या हाती लागत. स्टीव्ही वंडरने मोटाऊनशी करार केला तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. ओटिस रेडिंग सव्विसाव्या वर्षी विमान अपघातात गेला, तोवर त्याचं मोठं काम होऊनही गेलं होतं. अशा जगात बत्तिसाव्या वर्षी, कारखान्यातली नोकरी न सोडता, पहिला अल्बम घेऊन कुणी येणं ही नवलाची गोष्ट होती. विदर्स उशिरा आला तो रिकाम्या हाताने आला नाही. एक अख्खं आयुष्य जगून आला. त्याच्या हातात कसब होतं, पगार होता, आणि गाण्यावाचून आपलं अडत नाही हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

त्याचा जन्म ४ जुलै १९३८ चा, वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या स्लॅब फोर्क या खाणवस्तीतला. डोंगराळ मुलूख आणि पोटात कोळसा. अशा वस्त्यांमध्ये घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, आणि कित्येक ठिकाणी मजुरी फक्त त्या दुकानात चालणाऱ्या कंपनीच्या नाण्यांत. वडील खाणीत काम करत. सहा भावंडांत बिल धाकटा. पुढे तो जवळच्या बेकली गावात वाढला. तो तेरा वर्षांचा असताना वडील वारले, आणि त्याच्या जडणघडणीत आजीचा, आईच्या आईचा, वाटा मोठा झाला. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, खंजिरी धरणारे, पोरांना सावरणारे तिचे हात पुढे त्याच्या 'ग्रँडमाज हँड्स' या गाण्यात आले. हे गाणं जेमतेम दोन मिनिटांचं आहे. आजीवर लिहायला बसलेला माणूस हळवा होतो आणि लांबण लावतो. विदर्स एकेक प्रसंग ओळीभरात सांगतो आणि पुढे जातो. वियोगाचं दुःखही तो शेवटी ओझरतं ठेवतो. त्याच्या गाण्यांतलं माझं सर्वांत आवडतं हेच आहे.

हा मुलगा तोतरा होता. थोडाथोडका नव्हे, चांगला अडखळायचा, आणि ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत टिकलं. दुकानात काही मागायचं, वर्गात नाव सांगायचं, फोनवर बोलायचं, या साध्या गोष्टी तोतऱ्या माणसाला आधी मनात जुळवाव्या लागतात. कुठला शब्द अडेल, त्याच्या जागी कुठला घ्यावा, वाक्य आखूड कसं करावं, याचा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो. ऐकणारा आपल्याविषयी काय विचार करेल ही भीती आपल्या तोतरेपणाच्या मुळाशी होती, असं विदर्स नंतर सांगत असे. समोरच्याच्या मताचं दडपण त्याने हळूहळू उतरवलं आणि जीभ सैल झाली. या दोन गोष्टी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात: शब्दांची काटकसर, आणि लोकांच्या मताचं भय मोडून काढण्याची सवय. पहिलीतून त्याची गाणी आली. दुसरीतून त्याचा नकार आला.

सतराव्या वर्षी तो नौदलात भरती झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४८ साली सैन्यदलांतला वर्णभेद आदेशाने संपवला होता, तरी नौदलातल्या काळ्या पोरांना स्वयंपाकी किंवा वाढपी करण्याची वहिवाट चिवट होती. विदर्सला ते नको होतं. तो विमानांच्या दुरुस्तीचं काम शिकला. नऊ वर्षांनी, १९६५ मध्ये, तो बाहेर पडला आणि कॅलिफोर्नियात राहिला. दूध घरोघर पोहोचवलं, विमानांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात काम केलं. गाण्याचा विचार त्याच्या डोक्यात कसा आला याची त्याने सांगितलेली हकीकत फार व्यवहारी आहे. ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्स या गायकाचा कार्यक्रम होता. रॉल्सला उशीर झाला होता आणि क्लबचा व्यवस्थापक चडफडत होता, की याला आठवड्याला दोन हजार डॉलर मोजतो आणि हा वेळेवर येत नाही. विदर्स तासाला तीन-चार डॉलर मिळवणारा कामगार. रॉल्स आला तेव्हा भोवती बायकांचा घोळका जमला. विदर्स तिथून निघाला तो सावकाराच्या दुकानात गहाण पडलेली एक स्वस्त गिटार विकत घेऊनच घरी गेला आणि पाळ्यांच्या मधल्या वेळेत स्वतःच वाजवायला शिकला.

या हकीकतीला दैवी साक्षात्काराची किनार नाही. लहानपणी सूर ऐकून देहभान हरपलं, असं त्याने कधी सांगितलं नाही. गाण्यात पैसे बरे आहेत, काम अंगमेहनतीचं नाही आणि आपल्याला ते जमेल असं वाटतं, एवढंच. आपल्याला कलावंतांच्या चरित्रांत ध्यास, तपश्चर्या, गुरूच्या दारात काढलेली वर्षं वाचायची सवय आहे. हे चरित्र त्या साच्यात बसत नाही आणि मी ते ओढूनताणून बसवलेलंही नाही.

१९६७ मध्ये तो लॉस एंजेलिसला आला. कारखान्यात काम करायचं, पगारातून शिल्लक टाकायची, त्या पैशांतून नमुन्याच्या टेप करून कंपन्यांकडे न्यायच्या, असं काही वर्षं चाललं. शेवटी ससेक्स रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीच्या क्लॅरेन्स अव्हांट यांनी त्याला घेतलं. अव्हांट हे कृष्णवर्णीय संगीतव्यवसायातलं मोठं प्रस्थ. याच ससेक्सने १९७० मध्ये डेट्रॉइटच्या रॉड्रिगेझ या मजूर गायकाचा 'कोल्ड फॅक्ट' हा अल्बम काढला होता. तो अमेरिकेत पडला, दक्षिण आफ्रिकेत घरोघर गेला, आणि 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' या माहितीपटामुळे चार दशकांनी जगाला कळला. मजुरी करणारे दोन गायक एकाच लहान कंपनीच्या यादीत होते ही गोष्ट सोलच्या इतिहासात फारशी कुणी नोंदवत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

अल्बमच्या निर्मितीची जबाबदारी अव्हांट यांनी मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीत नाव कमावलेल्या बुकर टी. जोन्स यांच्याकडे दिली. बासवर डोनाल्ड 'डक' डन, ड्रमवर अल जॅक्सन, गिटारवर स्टीफन स्टिल्स. अशी माणसं जमल्यावर कुठल्याही नवख्याची छाती दडपेल. स्टुडिओत आल्यावर विदर्सने गाणार कोण आहे असं विचारलं आणि तूच, असं उत्तर मिळालं, ही आठवण तो सांगत असे. आपली गाणी दुसऱ्या कुणी चांगल्या गळ्याच्या माणसाने गावीत, असंच त्याच्या मनात होतं. गायक ग्रॅहम नॅश ध्वनिमुद्रणाला हजर होता. तो विदर्ससमोर येऊन बसला आणि तू किती चांगला आहेस हे तुलाच माहीत नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलला. त्या एका वाक्याने आपल्याला बळ मिळालं, असं विदर्स म्हणे.

आता 'एन्ट नो सनशाइन'विषयी. मूळ तबकडीवर हे गाणं दुसऱ्या बाजूला होतं. पहिली बाजू 'हार्लेम' या गाण्याला दिलेली होती. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून वाजवली आणि श्रोत्यांनी ती उचलून धरली. बिलबोर्डच्या यादीत गाणं तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं आणि १९७२ मध्ये त्याला सर्वोत्तम रिदम अँड ब्लूज गीताचं ग्रॅमी मिळालं. त्याची सुरुवात दारूच्या व्यसनात बुडणाऱ्या जोडप्यावरच्या 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' या १९६२ च्या चित्रपटावरून सुचली होती. आपलं भलं नाही हे कळूनही माणूस पुन्हा पुन्हा त्याच माणसाकडे का जातो, हा त्यातला प्रश्न. गाणं दोन मिनिटांचं आहे. सुरुवातीला वाद्यांची आरास नाही. आवाज थेट सुरू होतो आणि साथ मागून येते. आणि मधोमध, जिथे तिसरा अंतरा यायला हवा, तिथे तो दोन साधे शब्द सव्वीस वेळा म्हणतो. त्या जागी त्याला पुढे ओळी लिहायच्या होत्या, हे नुसतं भरताड होतं. जमलेल्या वादकांनी सांगितलं, असंच राहू दे. मी कारखान्यातला माणूस, ही सगळी जाणती मंडळी, म्हणून मी ऐकलं, असं त्याने पुढे सांगितलं.

ती सव्वीस आवर्तनं कान देऊन ऐकावीत. पहिली पाच-सहा सरळ येतात. मग शब्दांचा अर्थ झिजायला लागतो आणि नुसता ठेका उरतो. मग श्वास तोकडा पडतो की काय असं वाटतं. ड्रम तेवढा खाली चालू असतो. शेवटी शेवटी हा माणूस स्वतःलाच काही समजावतो आहे आणि समजावणं निष्फळ ठरतं आहे हे उघड होतं. त्या जागी लिहिलेला कुठलाही अंतरा याहून दुबळा ठरला असता. तोतऱ्या माणसाच्या तोंडी एकच शब्द अडून पुन्हा पुन्हा येतो, तीच आयुष्यभराची अडचण इथे गाण्याचा कळस झाली, असं मी मानतो. विदर्सने असं कुठे म्हटलेलं नाही. ही जोडणी माझी आहे आणि ती पटते का हे वाचकांनी गाणं ऐकून ठरवावं.

गाणं गाजलं तरी त्याने लगेच नोकरी सोडली नव्हती. हा धंदा बेभरवशाचा, उद्या टिकेल याची खात्री नाही, असं त्याचं मत होतं. कारखान्यातले सोबती त्याला 'हॉलीवूड' म्हणून चिडवत. गाण्याने विक्रीचा मोठा टप्पा ओलांडल्यावर रेकॉर्ड कंपनीने त्याला कमोडचं सोनेरी आसन भेट दिलं.

दुसरा अल्बम 'स्टिल बिल' १९७२ चा. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत पूर्ण अल्बम. यात वॉट्स वन हंड्रेड अँड थर्ड स्ट्रीट रिदम बँडमधले वादक त्याच्यासोबत आले: ड्रमवर जेम्स गॅडसन, बासवर मेल्विन डनलॅप, कीबोर्डवर रे जॅक्सन, गिटारवर बेनॉर्स ब्लॅकमन. गॅडसनचा हात या गाण्यांना मिळाला हे विदर्सचं भाग्य. 'यूज मी'मधला त्याचा ठेका ऐकताना कुठे किती वाजवायचं नाही हे कळतं. सूर धरून ठेवायचा, भरगच्च करायचा नाही, ही विदर्सची रीत या चौघांनी आत्मसात केली होती.

'लीन ऑन मी' याच अल्बममधलं. पैसे आल्यावर त्याने एक छोटा वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो घेतला होता. पियानो त्याला येत नव्हता. बोटांची ठेवण न बदलता हात पट्ट्यांवर नुसता वर सरकवत न्यायचा आणि तसाच खाली आणायचा, एवढं जमलं आणि त्यातून चाल निघाली. शिकलेल्या वादकाने ती सोपी म्हणून टाकून दिली असती. शब्द स्लॅब फोर्कहून आले. लॉस एंजेलिसमध्ये शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही आणि आपल्या खाणवस्तीत मात्र एकाच्या घरी अडचण आली की दुसऱ्याच्या घरून मदत यायची, ही तफावत त्याला बोचत होती. नौदलात असतानाचा एक प्रसंग तो सांगे. अलाबामातल्या एका आडरस्त्यावर त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालं. टेकडीमागून एक गोरा खेडूत आला. तो काळ आणि ते राज्य पाहता काळ्या माणसाच्या पोटात गोळा यायला तेवढं पुरे होतं. तो खेडूत काही न बोलता परत गेला, चाक घेऊन आला आणि बसवून दिलं.

ते गाणं जुलै १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या गटाने ते नव्या ठेक्यावर म्हटलं आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याबद्दल गीतकार म्हणून विदर्सला ग्रॅमी मिळालं, तेव्हा तो निवृत्त होऊन घरी होता. २००९ मध्ये ओबामांच्या शपथविधीनिमित्त लिंकन स्मारकापुढे मेरी जे. ब्लाइजने ते गायलं. चर्चमध्ये, शाळेत, अंत्यविधीत ते म्हटलं जातं, आणि ते रचणारा माणूस अजून हयात आहे हे म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांना ठाऊक नसे. रचनाकाराचं नाव गळून गाणं लोकांचं होणं, हे भाग्य लोकगीतांच्या वाट्याला येतं. याला ते पंधरा-वीस वर्षांत लाभलं.

६ ऑक्टोबर १९७२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालं. त्यात 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड' हे गाणं आहे. व्हिएतनाममध्ये उजवा हात गमावलेला एक तरुण सैनिक. डाव्या हाताने लिहिता येत नाही म्हणून कुणाला तरी आईसाठी पत्र लिहून द्यायला सांगतो. गाण्याआधी विदर्स प्रेक्षकांशी बोलतो, संथपणे, न अडखळता. नऊ वर्षं गणवेश घातलेला माणूस हे सांगतो आहे, म्हणून त्यात घोषणा नाही, कुणाला शिव्या नाहीत. युद्धविरोधी गाणी त्या काळात ढिगाने आली. त्यांतली बरीचशी आज ऐकवत नाहीत. हे ऐकवतं.

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण त्यांत रस कमी आणि कागदपत्रं जास्त आहेत. १९७४ मध्ये '+'जस्टमेंट्स' आला, कडवट आणि उपेक्षित राहिलेला अल्बम. त्याच वर्षी झाईरमधल्या किन्शासात, अली आणि फोरमन यांच्या मुष्टियुद्धानिमित्त झालेल्या महोत्सवात तो गायला. ससेक्सशी पैशांवरून बिनसलं आणि १९७५ मध्ये कंपनीच बुडाली. मग कोलंबिया या बलाढ्य कंपनीशी करार झाला. दर वर्षी एक अल्बम येऊ लागला, आणि गुळगुळीतपणा वाढत गेला. 'नेकेड अँड वॉर्म' माझ्या कानाला टिकत नाही. १९७७ च्या 'मेनॅजरी'मधलं 'लव्हली डे' मात्र अपवाद. त्याच्या शेवटी तो एकच सूर अठरा सेकंद धरून ठेवतो, आणि त्यात गळा दाखवण्याचा आव नाही.

कोलंबियात त्याच्या गाण्यांवर देखरेख करायला अधिकारी नेमलेले होते. गोरी माणसं काळ्या संगीतातली तज्ज्ञ म्हणून त्याला सल्ले देत. त्यांच्यापैकी एकाने त्याला एल्विस प्रेस्लीचं 'इन द गेटो' गायला सुचवलं. खाणवस्तीत वाढलेल्या, स्वतः गाणी लिहिणाऱ्या काळ्या माणसाला, काळ्यांच्या गरिबीवर गोऱ्याने लिहिलेलं आणि गोऱ्याने गाजवलेलं गाणं गायला सांगणं यातला अपमान सुचवणाऱ्याला कळलाही नसावा. विदर्सला तो जन्मभर विसरता आला नाही. १९७८ नंतर सात वर्षं त्याचा स्वतःचा अल्बम निघाला नाही, कारण त्याने आणलेली गाणी कंपनीला नको होती आणि कंपनीला हवी असलेली त्याला. मधल्या काळात तो दुसऱ्यांच्या अल्बमांवर गायला. ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनियर यांच्या सॅक्सोफोनसोबतचं 'जस्ट द टू ऑफ अस' १९८१ मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं आणि त्याला आणखी एक ग्रॅमी मिळालं. ज्याची गाणी विकत नाहीत असं कंपनी सांगत होती, त्याचं हे गाणं दुसऱ्या कंपनीने काढलं आणि ते जगभर वाजलं. १९८५ चा 'वॉचिंग यू वॉचिंग मी' हा शेवटचा अल्बम. त्यानंतर तो थांबला.

थांबणं परवडलं कसं, हेही सांगायला हवं, कारण नकाराच्या कथा सांगताना पैशांचा भाग वगळायची आपली सवय आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन मिळतं ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. ते गाणाऱ्याला मिळत नाही. विदर्स स्वतःची गाणी स्वतः लिहीत होता आणि हक्कांच्या बाबतीत जागरूक होता. १९७६ मध्ये त्याचं मार्सिया यांच्याशी लग्न झालं. पुढे त्याच्या गाण्यांच्या हक्कांचा सगळा कारभार त्यांनी सांभाळला आणि फार चोख सांभाळला. दुसऱ्यांनी म्हटलेली, चित्रपटांत आणि जाहिरातींत घेतलेली, हिप-हॉपवाल्यांनी तुकडे कापून वापरलेली त्याची गाणी घरी पैसे आणत राहिली. ब्लॅकस्ट्रीट या गटाच्या 'नो डिगिटी'चा पाया 'ग्रँडमाज हँड्स'वर आहे, आणि विल स्मिथने 'जस्ट द टू ऑफ अस' नव्याने गाजवलं. त्याच्याच पिढीतले किती तरी सोल गायक करारांत फसले, म्हातारपणी छोट्या क्लबांत जुनी गाणी म्हणत फिरले. त्यांचं गाण्यावर प्रेम विदर्सपेक्षा कमी होतं असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या हाती हक्क नव्हते, एवढाच फरक होता. विदर्सच्या स्वाभिमानाचं कौतुक करताना हे विसरू नये.

निवृत्तीतल्या विदर्सला पाहायचं असेल तर २००९ चा 'स्टिल बिल' हा माहितीपट पाहावा. त्यात तो स्लॅब फोर्कला जातो, झाडीत हरवलेल्या जुन्या जागा शोधतो, आणि न्यूयॉर्कमध्ये तोतऱ्या मुलांच्या एका नाट्यसंस्थेला भेट देतो. मुलं अडखळत आपलं म्हणणं मांडतात, आणि एरवी सगळ्यांना फटकळ उत्तरं देणारा हा माणूस रडतो. २०१५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. स्टीव्ही वंडरने त्याची ओळख करून दिली आणि त्याची गाणी म्हटली. लोकांना वाटलं, आता हा परत येईल. तो घरी गेला.

२०२० च्या एप्रिलमध्ये त्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा करोनामुळे अमेरिका घरात कोंडली गेली होती. रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी लोक खिडक्यांतून, फोनच्या पडद्यांवरून 'लीन ऑन मी' म्हणत होते.

या पुस्तकाच्या वाचकाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. विदर्सच्या निर्णयाचा मी आदर करतो, पण त्यामुळे आपलं नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. पन्नाशीतला, साठीतला विदर्स म्हातारपणावर, मुलं मोठी होण्यावर, जुने मित्र जाण्यावर काय लिहिता, हे आपल्याला कधीच कळणार नाही. आजीवर दोन मिनिटांत तेवढं सांगणाऱ्या माणसाकडे सांगायला पुष्कळ उरलं असणार. ही हानी ज्यांच्यामुळे झाली ते अधिकारी आज कुणाच्या लक्षात नाहीत. गायकाला त्याचं गाणं कसं असावं हे शिकवणारी माणसं प्रत्येक देशात आणि प्रत्येक भाषेत असतात, म्हणून त्यांच्यावर एक अख्खं प्रकरण खर्च केलं आहे.

इंग्रजी गाणी ऐकायची सवय नसलेल्यांनी बिचकू नये. विदर्सची इंग्रजी शाळकरी मुलालाही कळेल इतकी साधी आहे. पहिलं प्रकरण उघडण्याआधी कार्नेगी हॉलचं ते ध्वनिमुद्रण मिळवा आणि एका बैठकीत, मधली बोलणी न गाळता, संपूर्ण ऐका. मग पुढची पानं वाचा.